नोट तीच, देणेकरी वेगळा

सहाव्या जॉर्जची एक रुपयाची नोट. निळसर करडा रंग, १९४० च्या रुपयाच्या नाण्याचं चित्र आणि भारत सरकारचे अर्थसचिव सी. ई. जोन्स यांची सही. जुन्या नोटांच्या जवळजवळ प्रत्येक अल्बममध्ये ही असते आणि तिचं कुणाला फारसं कौतुक नसतं. पण तिच्यावर इंग्रजीत दोन ओळी जास्तीच्या निघाल्या, की तीच नोट भिंगाखाली जाते. पहिली ओळ ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’, दुसरी ‘लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’, म्हणजे फक्त ब्रह्मदेशातच कायदेशीर चलन. ब्रह्मदेशातल्या लष्करी प्रशासनाची, १९४५ सालची ही नोट. छपाई नाशिकची, राजा तोच, रुपयाही तोच. पण हिच्यावर मुंबईत पावशेर साखर मागितली असती, तर दुकानदाराने ती परत केली असती आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहिला असता.

ओव्हरप्रिंट केलेली नोट म्हणजे टंचाईची नोट, असं सरसकट म्हटलं जातं. नवी नोट आखायला वेळ नव्हता, हाताशी होती तिच्यावर ठसा मारला, झालं. हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. नुसता वेळच वाचवायचा होता, तर भारतीय नोटा जशाच्या तशा रंगूनला नेऊन वाटता आल्या असत्या. ठसा मारायला उलट जास्तीची छपाई लागते, पहारा लागतो, रद्द झालेल्या कागदांचा हिशेब ठेवावा लागतो. एवढी यातायात करून त्या दोन ओळी छापल्या, त्या दोन गोष्टी ठरवण्यासाठी: ही नोट कुठवर चालेल, आणि हिच्यामागे कोण उभं आहे. ब्रह्मदेशाच्या नोटांवर १९३७, १९४५ आणि १९४७ असे तीनदा ठसे पडले. त्यांतला फरक वाचला की दहा वर्षांत त्या देशाचं काय झालं ते बरंचसं कळतं.

ब्रह्मदेश आणि भारतीय रुपया यांचं नातं आधीपासून जरा तिरकं होतं. मिंडन राजाने मंडालेत टांकसाळ उघडून मोराच्या छापाचं चांदीचं नाणं पाडलं, तेही भारतीय रुपयाच्या वजनाला जुळवून. त्याचा मुलगा थिबा १८८५ च्या युद्धात हरला आणि रत्नागिरीला येऊन पडला. पुढे वरच्या ब्रह्मदेशातही भारतीय रुपयाच चालू लागला. नोटांचं मात्र वेगळं होतं. १८६१ च्या कागदी चलन कायद्यानुसार नोटा ‘सर्कल’प्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या विभागांप्रमाणे निघत, आणि एका सर्कलची नोट दुसऱ्या सर्कलमध्ये वटवून मिळण्याचा हक्क नव्हता. रंगून हे त्यातलंच एक सर्कल. १९०३ साली ५ रुपयांच्या नोटेवरचं हे बंधन काढलं, पण त्यातूनही ब्रह्मदेश वगळला. ते वगळणं १९०९ साली संपलं. पुढच्या दोन वर्षांत १०, ५० आणि १०० रुपयांच्या नोटाही सगळीकडे चालू लागल्या. म्हणजे मुंबईची नोट मंडालेत बिनतक्रार चालायची, असा काळ जेमतेम पाव शतकाचा.

१ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला. दोन वर्षांपूर्वीच स्थापन झालेली रिझर्व्ह बँक मात्र दोन्ही देशांच्या नोटा काढणार होती. आता दोन्हीकडच्या नोटा वेगळ्या मोजायच्या, तर त्या वेगळ्या दिसायला हव्यात. इथे अडचण आली ती राजाची. पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्ये वारला, आठव्या एडवर्डने डिसेंबरात गादी सोडली. सहाव्या जॉर्जच्या नोटा खुद्द भारतात यायलाच जानेवारी १९३८ उजाडला. ५ रुपयांची आधी, मग वर्षाच्या मध्यापर्यंत १०,००० पर्यंतच्या बाकीच्या. तेव्हा १९३७ साली दिवंगत राजाच्याच, म्हणजे पाचव्या जॉर्जच्या ५, १० आणि १०० रुपयांच्या नोटा घेतल्या आणि त्यांच्यावर एकच मजकूर छापला: ‘लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’. यात फक्त जागा आहे, कुणाचं नाव नाही. नावाची गरजच नव्हती, कारण नोटेमागची व्यवस्था बदललेली नव्हती. ही युद्धाची टंचाई नव्हे, तयारीची टंचाई. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने ब्रह्मदेशासाठी ५ ते १०,००० रुपयांपर्यंतच्या स्वतंत्र नोटा काढल्या आणि ठशाचं काम तात्पुरतं संपलं.

त्या मालिकेत १ रुपयाची नोट नाही, हे लक्षात ठेवायला हवं. रुपया हे सरकारचं नाणं, बँकेचा त्याच्याशी संबंध नव्हता. १९४५ ची गोष्ट नीट समजायची तर या चांदीच्या रुपयाकडे थोडं वळावं लागतं.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली. रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स धरला, तर चांदी औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की नाणं वितळवणं नाणं खर्च करण्यापेक्षा फायद्याचं ठरे. १९१७ साली ती रेषा ओलांडली गेली. म्हणून त्या वर्षी ३० नोव्हेंबरला १ रुपयाची पहिली कागदी नोट आली. २५-२५ नोटांची पुस्तिकाही मिळे, चेकबुकासारखी. पाठोपाठ जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट आली. गोव्यातही १९१७ सालच्या ४ तांगा, ८ तांगा, १ रुपया आणि अडीच रुपयांच्या नोटा सापडतात, त्या बँको नासिओनाल उल्ट्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या. अखेर अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २० कोटी औंस चांदी भारताला विकली, तेव्हा कुठे दम सुटला. १९२६ साली या छोट्या नोटा बंद केल्या.

दुसऱ्या खेपेला सरकार सावध होतं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, आणि लोकांनी रुपये घरात दडवायला सुरुवात केली. २५ जूनला भारत संरक्षण नियमांखाली गरजेपेक्षा जास्त नाणी गोळा करणं हा गुन्हा ठरला. महिन्याभरात १ रुपयाची नोट पुन्हा निघाली, कायद्याने नाण्याच्याच दर्जाची. त्याच वर्षी रुपयाच्या नाण्यातली चांदी बारांपैकी अकरा भागांवरून निम्म्यावर आली. पुढे तांब्याचीही ओढाताण झाली आणि १९४३ पासून भोकाचा पैसा आला. मुद्दा असा, की १९४० नंतर नाशिकच्या छापखान्यातून १ रुपयाची कागदी नोट अखंड निघत होती. सुरुवातीला वर्णन केलेली ती हीच.

या नोटेवर ‘मी धारकास अमुक रुपये देण्याचे वचन देतो’ हे वाक्य नाही. १९१७ च्या नोटेवर ते होतं. १९४० ची नोट स्वतःच रुपया आहे, मग ती कुणाला कसलं वचन देणार! ब्रह्मदेशासाठी मूळ कागद निवडताना याचा मोठा फायदा झाला असणार: वर नवं नाव छापलं, तरी खालच्या कुठल्याही वाक्याशी त्याचं भांडण होत नाही.

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती गेलं. त्यांच्या नोटा आधीच तयार होत्या. रुपयाच ठेवला, पण आण्यांऐवजी १०० सेंटमध्ये विभागलेला. १ सेंटपासून पुढे १०० रुपयांपर्यंत. वर ‘द जॅपनीज गव्हर्नमेंट’, आणि देशाची खूण म्हणून एक अक्षर: ब्रह्मदेशाला बी, मलायाला एम, फिलिपिन्सला पी. या नोटांवर अनुक्रमांक नाहीत, फक्त गटाची अक्षरं. क्रमांक नसलेली नोट किती छापली, हे छापणाराही नोटेवरून सांगू शकत नाही आणि घेणाऱ्यालाही तसा काही अंदाज येत नाही. भाव व्हायचे तेच झाले. मे १९४५ मध्ये ब्रिटिश फौजा रंगूनमध्ये परतल्या, तेव्हा जपानी नोटा चलन म्हणून नाकारल्या गेल्या. शेतकऱ्याने तीन पिकांचे पैसे ज्या कागदात धरले होते, ते सगळे गेले. या निर्णयाच्या न्यायान्यायावर बराच वाद होऊ शकतो. मला तो कठोरच वाटतो, कारण त्या नोटा घेण्याला लोकांना पर्याय नव्हता. पण त्याचा ताबडतोबीचा परिणाम व्यवहारी होता: देश एका झटक्यात रोकडरहित झाला. मजुरी द्यायची कशात, तांदूळ विकत घ्यायचा कशाने, आणि लाखांच्या फौजेचा पगार?

उत्तर नाशिकच्या नोटांमध्ये होतं, पण त्या उघड्या देणं परवडणारं नव्हतं. युद्धाच्या सहा वर्षांत भारतातल्या नोटांचं प्रमाण सुमारे सहापट झालं होतं. ब्रह्मदेशात वाटलेली साधी भारतीय नोट शिपायाच्या मनिऑर्डरीतून, व्यापाऱ्याच्या कमरेच्या कशातून किंवा कलकत्त्याच्या बोटीतून परत भारतात आली असती आणि इथल्या महागाईत भर घातली असती. शिवाय ब्रह्मदेशात किती पैसा ओतला, याचा हिशेबच लागला नसता, कारण तिथली नोट आणि इथली नोट यांत फरक करायला काही खूणच उरली नसती. एखादी खेप लुटली गेली, तर ती रद्दही करता आली नसती. म्हणून १, ५, १० आणि १०० रुपयांच्या भारतीय नोटा घेऊन त्यांवर दोन ओळी छापल्या. या वेळी जागेच्या आधी नाव आलं: लष्करी प्रशासन.

एक रुपयाच्या नोटेवर हे खपून गेलं, हे वर आलंच. ५ आणि १० रुपयांच्या नोटांवर मात्र गंमत आहे. मूळ नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन छापलेलं, आणि वर केंद्र सरकारची हमी. हे केंद्र सरकार म्हणजे दिल्लीचं. त्याच कागदावर नंतरच्या शाईत लष्करी प्रशासनाचं नाव आणि ‘फक्त ब्रह्मदेशात’. शब्दशः वाचलं तर एका बँकेचा गव्हर्नर एका देशाच्या सरकारच्या हमीवर वचन देतो, आणि एक तिसरीच यंत्रणा ते वचन चौथ्या जागी बांधून टाकते. वकिलाने अशा कागदावर सही करू दिली नसती. चलनात मात्र शेवटी छापलेलं तेच खरं मानायचं असतं, आणि लोकांनी ते तसं मानलं.

आता ठसा मारायचा म्हणजे काय करायचं, ते पाहू. बाहेरून सोपं दिसतं, पण छापखान्यात काम केलेला माणूस लगेच कपाळाला आठ्या घालतो.

ओव्हरप्रिंट साधारणपणे उठावाच्या छपाईने, म्हणजे लेटरप्रेसने होतो. ज्या पद्धतीने नोटांवर अनुक्रमांक पडतात, तीच पद्धत. मजकूर एकदा खिळ्यांत, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांत जुळवायचा, त्यावरून साचा घेऊन एका शीटवर जितक्या नोटा असतील तितके एकसारखे ठोकळे पाडायचे, आणि ते चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत बरोबर अंतरावर आवळून छपाईचा फर्मा करायचा. एकेका नोटेसाठी वेगळे खिळे जुळवले, तर कुठे अक्षर झिजलेलं, कुठे टिंब तुटलेलं, असे फरक पडतात आणि पुढे खरं-खोटं ठरवताना डोकेदुखी होते. ठोकळ्यांतही फरक राहतातच, पण ते ठरावीक जागी, ठरावीक क्रमाने परत येतात. अभ्यासकाला त्यांचाच उपयोग होतो.

मग जागा निवडायची. राजाच्या चेहऱ्यावर मजकूर येऊ द्यायचा नाही, हा शिष्टाचार झाला. अनुक्रमांक आणि सही झाकायची नाही, ही गरज. उरते ती वॉटरमार्कची मोकळी जागा आणि काठांजवळच्या पट्ट्या. मोकळ्या जागेत छापलं तर मजकूर ठळक वाचता येतो, पण प्रकाशात धरून वॉटरमार्क पाहणाऱ्याच्या आड तो येतो. नक्षीवर छापलं तर वॉटरमार्क वाचतो, पण मजकूर गुंतून जातो. यातून सुटका नाही. काहीतरी सोडावंच लागतं. रंगाचंही असंच: निळ्या-करड्या किंवा जांभळ्या नोटेवर लाल चांगला उठतो, तपकिरीवर तितका नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न शाईचा. नोटेची मूळ छपाई वाळून तिच्यावर गुळगुळीत थर बसलेला असतो. कोऱ्या कागदात शाई मुरते, या थरावर ती वरवर बसते. शाई पातळ असली तर अक्षरांच्या कडा पसरतात. घट्ट असली तर वाळायला वेळ घेते, आणि एकावर एक रचलेल्या शीटच्या वजनाने वरच्या शीटच्या पाठीला लागते. याला छापखान्यात सेट-ऑफ म्हणतात: नोटेच्या मागे आरशातल्यासारखी उलटी फिकट अक्षरं. उपाय म्हणजे शीटच्या मध्ये कोरे कागद घालणं, रास उंच न होऊ देणं आणि घाई न करणं. युद्धात यातलं तिसरंच जमत नाही. पावसाळी हवेत तेलाच्या शाईला वाळायला आणखी वेळ लागतो, हे नाशिकच्या माणसांना सांगायला नको.

क्रमही महत्त्वाचा. अनुक्रमांक पडायच्या आधी ओव्हरप्रिंट केला, तर बिघडलेलं शीट मोजून जाळता येतं. त्याला अजून नंबर नाही, म्हणजे ते अजून पैसा नाही. नंबर पडल्यानंतर केला, तर प्रत्येक बिघडलेल्या नोटेचा नंबर टिपायचा, जागी दुसरी घालायची, तिची नोंद करायची. कापून गठ्ठे बांधलेल्या नोटांवर ठसा मारायची वेळ आली, तर आणखी वाईट: एकेक नोट हाताने भरायची, तीही कधी उलटी जाणार, कधी तिरकी, कधी दोन चिकटून जाणार आणि खालची कोरी राहणार. उलटा ठसा, दुहेरी ठसा, मागच्या बाजूला ठसा, ठसाच नाही, असे जे नग बाजारात चढ्या भावाने विकले जातात, त्यांची जन्मकथा एवढीच. त्यात ‘ठसाच नाही’ हा प्रकार विकत घेऊ नये. ठसा नसलेली भारतीय नोट म्हणजे फक्त भारतीय नोट. ठसा असलेल्या नोटेशी जोडलेली न कापलेली जोडी असेल तरच त्याला अर्थ आहे.

यातूनच फसवणुकीचा विषय निघतो. त्या काळी फसवणूक ठसा पुसण्याची होती, कारण ठसा गेला की नोट भारतात चालते. आज ती बरोबर उलट आहे. साधी नोट स्वस्त, ठशाची महाग. म्हणून साध्या नोटेवर नवा ठसा मारला जातो. दोन्ही ओळखण्याच्या पद्धती जवळपास सारख्या आहेत.

आधी नोटच बघावी, ठसा नंतर. १९३७ चा ठसा फक्त पाचव्या जॉर्जच्या नोटांवर असतो. सहाव्या जॉर्जच्या नोटेवर नुसतं ‘लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’ एवढंच असेल, वर कुणाचंच नाव नसेल, तर पुढे पाहायची गरज नाही. लष्करी प्रशासनाचा ठसा पाचव्या जॉर्जच्या नोटेवर असेल, तरी तेच. मोठ्या नोटांवर सहसा तारीख नसते, म्हणून गव्हर्नरांची सही हेच घड्याळ: जेम्स टेलर १९३७ ते फेब्रुवारी १९४३, त्यानंतर ऑगस्ट १९४३ पासून चिंतामणराव देशमुख. जपान्यांनी भारतीय नोटांच्या चांगल्या नकला केल्यावर युद्धाच्या उत्तरार्धात वॉटरमार्कमधला राजाचा बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा आला आणि भारतीय नोटेत प्रथमच सुरक्षा धागा बसला. एवढं माहीत असलं की निम्मे खोटे नग टेबलावरच गळतात.

उरलेल्यांसाठी दहापटीचं भिंग आणि बाजूने पडणारा उजेड पुरे. टेबललॅम्प खाली आणून नोट जवळजवळ आडवी धरावी. लेटरप्रेसचा ठोकळा कागदात किंचित रुततो, त्यामुळे मागच्या बाजूने अक्षरांचा हलका उठाव दिसतो, आणि पुढून अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद रेघ आलेली असते. तुलनेसाठी बाहेर जायला नको. त्याच नोटेवरचा अनुक्रमांक याच पद्धतीने छापलेला आहे. अनुक्रमांकाला उठाव आणि ठशाला नाही, तर ठसा इंकजेट, लेसर किंवा स्क्रीनचा असण्याची शक्यता मोठी. इंकजेटचे ठिपके भिंगाखाली लगेच दिसतात, लेसरची पूड चकचकीत आणि वर बसलेली.

नंतर घड्या. वापरलेल्या नोटेच्या घडीवर तंतू तुटलेले असतात. ठसा आधी आणि घडी नंतर, असा क्रम असेल तर घडीवर अक्षराची शाई झडलेली, मधे पांढरी रेघ दिसते. घडी आधी आणि ठसा नंतर असेल, तर शाई त्या भेगेत उतरते आणि घडीच्या कडेने पसरते. ही एक खूण इतकी भरवशाची आहे, की खोटे ठसे मारणारे शहाणे लोक करकरीत नोटाच निवडतात. म्हणून करकरीत नोट आणि ठसा यांची जोडी दिसली की आनंदाआधी शंका यावी. मळावर चढलेली शाई, म्हणजे अक्षराखाली मळ आणि वर स्वच्छ रंग, हीसुद्धा तीच खूण.

पुसलेल्या ठशाचं उलट. शाई विरघळवली तरी रुतलेल्या अक्षरांचा खड्डा कागदात राहतो, आणि तेवढ्या जागेची नक्षीही फिकी पडते. तिरक्या उजेडात मजकूर पुन्हा वाचता येतो.

टाचणीच्या भोकांना मात्र घाबरू नये. भारतीय नोटांचे गठ्ठे अगदी २००१ पर्यंत टाचले जात. वॉटरमार्कच्या बाजूला दोन भोकं असणं हे त्या काळच्या खऱ्या नोटेचं जवळजवळ लक्षण आहे. भोकं बुजवलेली, नोट धुतलेली आणि इस्त्री केलेली असेल तर तिची किंमत जाते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पीव्हीसीच्या पाकिटात नोट ठेवू नये: ते पाकीट चिकट होतं आणि शाईही ओढतं. पॉलिस्टरचं पाकीट घ्यावं, आणि पावसाळ्यात कपाट बंद करून विसरू नये.

ब्रह्मदेशाचं उदाहरण एकटं नाही. हाँगकाँगमध्ये डिसेंबर १९४१ मध्ये जपानी हल्ला झाला आणि १ डॉलरच्या नोटा कमी पडल्या. सरकारने बँक ऑफ चायनाच्या ५ युआनच्या नोटा घेतल्या आणि त्यांवर इंग्रजीत व चिनीत ‘हाँगकाँग सरकार, १ डॉलर’ छापलं. देश, बँक, चलन आणि किंमत, चारही एका ठशात बदललं. असा धाडसी ओव्हरप्रिंट क्वचितच झाला असेल. २५ डिसेंबरला हाँगकाँगने शरणागती पत्करली, म्हणजे या नोटांचं सरकारी आयुष्य आठवड्यांतच मोजायचं. हवाईमध्ये १९४२ साली अमेरिकेने निव्वळ कुंपण घातलं. पुढून दोन्ही बाजूंना लहान आणि मागे मोठ्या अक्षरांत ‘हवाई’ छापलेले, तपकिरी मोहरेचे डॉलर. बेटं शत्रूच्या हाती गेलीच तर एका हुकमात तेवढेच डॉलर बाद करता येतील, हा हिशेब. बेटांवरचे जुने डॉलर गोळा करून जाळले, त्यासाठी स्मशानातली भट्टी पुरेना म्हणून साखर कारखान्याचीही घेतली. फिलिपिन्समध्ये १९४४ साली परतताना अमेरिकेने नोटांच्या मागे ‘व्हिक्टरी’ छापलं, आणि पुढे १९४९ साली त्याच नोटांवर नव्या मध्यवर्ती बँकेचं नाव चढलं. शिवाय जपानी नोटांच्या मागे उपहासाचा मजकूर छापून त्या विमानातून टाकल्या, तो प्रकार वेगळाच: तिथे ओव्हरप्रिंट पैसा बनवत नव्हता, तो मारत होता.

ब्रह्मदेशात ऑक्टोबर १९४५ मध्ये मुलकी सरकार परतलं, पण लष्करी प्रशासनाचं नाव असलेल्या नोटा लगेच गेल्या नाहीत. नोटा राजवटीपेक्षा सावकाश मरतात. १ एप्रिल १९४७ पासून रिझर्व्ह बँकेचं ब्रह्मदेशातलं काम संपलं आणि लंडनमध्ये बर्मा करन्सी बोर्ड आलं. तिसरा ठसा तेव्हाचा: ‘बर्मा करन्सी बोर्ड, लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’. नोटा पुन्हा भारतीयच: १, ५, १० आणि १०० रुपयांच्या. यांतल्या काहींवर चिंतामणराव देशमुखांची सही आहे. महाडजवळच्या नाते या गावात जन्मलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. आणि त्याची सही अशा नोटेवर, जिचा त्याच्या बँकेशी आता काहीच संबंध उरलेला नाही. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. रुपया मात्र १९५२ पर्यंत टिकला, मग त्याच किमतीला क्याट आला.

नाशिकला या कामातून उसंत नव्हती. फाळणीनंतर पाकिस्तानसाठीही रिझर्व्ह बँकच काही काळ नोटा सांभाळणार होती. १ एप्रिल १९४८ पासून भारतीय नमुन्याच्या १, २, ५, १० आणि १०० रुपयांच्या नोटा पाकिस्तान सरकारचं नाव घेऊन निघाल्या, वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’, खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. १ जुलैला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. बाजारात या नोटांनाही सर्रास ओव्हरप्रिंट म्हणतात, ते चूक आहे. या खेपेला तयारीला थोडा वेळ मिळाला होता आणि अक्षरं प्लेटमध्येच घातली गेली, बाकी नक्षीबरोबर एकाच वेळी छापली गेली. म्हणून ब्रह्मदेशाच्या नोटेची कसोटी तिथे लावू नये. पाकिस्तानच्या १९४८ च्या नोटेवर ही अक्षरं मूळ छपाईच्या पातळीतच दिसायला हवीत. ती वरून बसलेली, मागे उठाव सोडणारी निघाली, तर विकणाऱ्याला नोट परत द्यावी आणि पैसे मागावेत.